डीएनए किट आणि ‘प्राचीन पूर्वज’ रिपोर्ट: किट ठीक आहे, नकाशातला बाण गंडलाय

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. बेसिक किट पाचपैकी साडेतीन, आणि वर जादा पैसे घेऊन जो ‘प्राचीन पूर्वज’ नावाचा अ‍ॅड-ऑन गळ्यात मारतात तो पाचपैकी दीड, तो दीडसुद्धा पीडीएफ देखणी आहे म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे खटकलं ते एकट्या हिचं नाही, ‘तुम्ही किती टक्के आर्य?’ छापाच्या ज्या जाहिराती सध्या इन्स्टावर फिरतायत त्या बहुतेक सगळ्यांना हे कमीजास्त लागू पडेल. बाकीचं सविस्तर खाली, लांबलंय, चहा घेऊन बसा (किट करणार असाल तर चहा नको, ते पण सांगते).

खोक्यात एक प्लास्टिकची नळी येते, तिला वर छोटं नरसाळं, झाकणात निळसर पाणी, एक बारकोडचा स्टिकर आणि माहितीपत्रक. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही आणि मग नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकायचं. ऐकायला सोपं आहे पण फेस धरत नाहीत, फेसाच्या खालची लाळ रेघेला टेकली पाहिजे, आणि आपण थुंकायला बसलो की तोंड नेमकं कोरडं ठाक पडतं. आई म्हणाली चिंच आठव, आठवली, काम झालं. मग झाकण दाबलं की ते निळं पाणी टपकन लाळेत उतरतं, त्याने डीएनए टिकतो आणि जंतू वाढत नाहीत, नळी थोडी हलवायची, पिशवीत घालून सील करायचं. इथपर्यंत सगळं चोख, पत्रक मराठीतसुद्धा होतं आणि चक्क वाचण्यासारखं मराठी होतं. कुरिअर पिकअपला मात्र बोंब, ‘आज येतो’ म्हणून मेसेज येतो आणि माणूस येत नाही, शेवटी मीच जवळच्या ऑफिसात नेऊन दिलं.

फॉर्ममध्ये एक रकाना ‘समुदाय’ असा आहे. म्हणजे जात विचारतायत, सरळ विचारायला लाजतायत. तो ऐच्छिक आहे, मी रिकामा सोडला आणि तुम्हीही सोडा असं सांगेन, कारण लाळेतून उत्तर काढणार असाल तर प्रश्नपत्रिकेतच उत्तर कशाला लिहून मागता?

दुसरं, जाहिरातीत ‘पितृवंश + मातृवंश’ असं मोठ्ठं छापलंय. वडलांकडची सरळ रेषा वाय गुणसूत्रावरून काढतात आणि ते बायकांकडे नसतंच, म्हणजे बाईने किट घेतलं तर पितृवंशाच्या पानावर ‘उपलब्ध नाही’ एवढंच येतं. मला हे ठाऊक होतं म्हणून दादाचंही किट मागवलं, पण माझ्या मैत्रिणीला ठाऊक नव्हतं, तिने पूर्ण पैसे भरले आणि कोरं पान मिळालं. पैसे भरायच्या आधी एक ओळ लिहायला काय जातं यांचं? हा अर्धा स्टार इथेच कापला.

आता रिपोर्ट. बेसिकमध्ये माझा मातृवंश, म्हणजे आईकडच्या सरळ रेषेचा गट, एम निघाला, भारतात सगळ्यात जास्त सापडणारा, त्यामुळे त्यात नवल काही नाही. दादाचा पितृवंश एच, तोही अस्सल दक्षिण आशियातला जुना. आतेभावाने आमचं बघून स्वतःचं किट केलं, त्याचा आला आर१ए, लोक ज्याला ‘आर्यांचा’ म्हणून मिरवतात तो गट, आणि त्याने दुसऱ्या दिवशी डीपी बदलला, मागे उधळणारे घोडे आणि खाली ‘प्युअर आर्यन’. आत्या इतकी खूष की विचारू नका, ‘आपल्या घराण्यातच आहे ते’. आता आत्याबाईंना कोण सांगणार की तो आर१ए आमच्या घराण्याचा नव्हेच, आतेभावाला तो त्याच्या वडलांकडून आलाय, आमच्या घराण्याची वाय रेषा दादाकडे आहे आणि ती एच आहे. 

आणि मुळात ती एक रेषा म्हणजे किती? दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात १०२४, त्यातला फक्त एकच माणूस वाय रेषेवर असतो, बाकी १०२३ जणांबद्दल ती रेषा चकार शब्द काढत नाही. इथे आपण बोलतोय चार हजार वर्षांबद्दल, म्हणजे दीडशेच्या आसपास पिढ्या. रिपोर्टात हे कुठेच नाही, उलट पितृवंशाच्या पानाला सोनेरी बॉर्डर आणि मुकुट.

अ‍ॅड-ऑनवर येते, कारण खरी गंमत तिथे आहे. माझा गोल तक्ता असा: प्राचीन दक्षिण आशियाई शिकारी ४३ टक्के, ‘इराणी शेतकरी’ ४१, स्टेप पशुपालक (घरात सगळे ज्यांना ‘आर्य’ म्हणतात ते) १३, ‘अ‍ॅनाटोलियन शेतकरी’ (अ‍ॅनाटोलिया म्हणजे आजचं तुर्कस्तान) ३. दादाचा जवळपास तसाच, फक्त स्टेप ११. सख्ख्या भावंडांनाही आई-बापांकडून वेगवेगळे तुकडे येतात, म्हणून थोडा फरक खराही असू शकतो, पण शिवाय या आकड्यांना मागेपुढे मोजमापातली चूक असते. संशोधक पेपरमध्ये प्रत्येक टक्क्यापुढे ती चूक किती हे छापतात, इथे काहीच नाही, १३ म्हणजे १३, जणू वजनकाट्यावर ठेवून मोजलंय. घरात लगेच ‘तुझ्यात माझ्यापेक्षा जास्त आर्य’ सुरू झालं ते याच्यामुळे.

तीन मोठे भाग आहेत हे मात्र बरोबर आहे, कंपनीने हवेतून काढलेलं नाही. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचे लालजी सिंग आणि थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या टीमने भारतीय लोक दोन जुन्या गटांच्या मिश्रणातून आलेत असं मांडलं होतं, पुढे जुन्या हाडांतला डीएनए वाचता यायला लागला तेव्हा त्या दोनाचे तीन झाले: इथले मूळचे शिकारी-संकलक, ज्यांचं लांबचं नातं अंदमानच्या लोकांशी लागतं, मग सिंधू संस्कृतीच्या भागातले इराणी पठाराशी जुनं नातं असलेले लोक, आणि शेवटी स्टेपवरून, म्हणजे युक्रेन-रशिया-कझाकस्तानच्या गवताळ पट्ट्यातून आलेले पशुपालक. आज मुख्य भूमीवरच्या बहुतेक सगळ्या भारतीयांत हे तिन्ही कमीजास्त आहेत, स्टेपचा वाटा शून्याच्या जवळपासपासून साधारण तीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे माझा १३ हा आकडा अगदी मधल्या रांगेतला, ना मिरवण्यासारखा ना लपवण्यासारखा.

पण लेबलं! ‘इराणी शेतकरी’ हे नाव २०१९ मध्येच जुनं झालं, आणि ते जुनं करणारं काम पुण्याशी जोडलेलं आहे म्हणून मला जास्त राग आला. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं राखीगढी हे सिंधू संस्कृतीतलं शहर, तिथलं उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या टीमने केलं, दक्षिण कोरियाचे संशोधक सोबत होते. तिथल्या दफनभूमीतून ६१ नमुने तपासले आणि त्यातून वाचण्याजोगा डीएनए मिळाला फक्त एकीचा. आपल्याकडचं ऊन आणि ओल हाडांतला डीएनए खाऊन टाकते, सायबेरियात गोठलेल्या जमिनीत तो मजेत टिकतो, म्हणून तिकडचे शेकड्याने आणि इकडची एक बाई. कानाच्या आतल्या भागाभोवती कवटीत एक दगडासारखं टणक हाड असतं, तो डीएनए त्यातून मिळाला, आणि तोही इतका तुटका की एकाच नमुन्यातून पुन्हा पुन्हा, शंभराहून जास्त वेळा, तुकडे गोळा करत बसावं लागलं.

त्या बाईत स्टेपचा अंश नव्हता. आणि तिच्यातला जो इराणशी नातं सांगणारा भाग होता तो इराणात शेती सुरू व्हायच्या आधीच, १२ हजार वर्षांपेक्षा जुन्या काळात, इराणच्या नंतरच्या शेतकऱ्यांपासून वेगळा झालेला होता. याचा अर्थ, इराणातून शेतकऱ्यांचे लोंढे आले आणि त्यांनी आपल्याला नांगर धरायला शिकवला असं सरळ चित्र टिकत नाही. मग २०१९ नंतर निघालेल्या, पैसे घेऊन विकलेल्या रिपोर्टात ४१ टक्क्यांपुढे ‘इराणी शेतकरी’ लिहून गव्हाची ओंबी काढायची म्हणजे काय! ‘सिंधू खोऱ्याशी संबंधित’ लिहिलं असतं तर बरोबरही झालं असतं आणि विकलंही जास्त गेलं असतं, हे यांच्या मार्केटिंगवाल्यांना कसं सुचलं नाही देव जाणे.

‘अ‍ॅनाटोलियन शेतकरी ३ टक्के’ बघून आतेभाऊ म्हणाला आपल्यात तुर्की रक्त आहे. नाही बाबा. भारताकडे जे स्टेपचे लोक आले ते आधीच मिश्र होते, त्यांच्यात साधारण एक तृतीयांश वाटा युरोपातल्या शेतकऱ्यांचा होता आणि ते शेतकरी मूळचे अ‍ॅनाटोलियाचे. तो वाटा स्टेपच्या १३ मध्ये धरलेलाच असायला हवा. तो बाहेर काढून वेगळा दाखवणं म्हणजे भेळेतली शेव मोजायची आणि मग बेसन परत वेगळं मोजायचं.

आता तो बाण. रिपोर्टाच्या मधल्या पानावर दुपानी नकाशा आहे, युक्रेनवर घोडेस्वार, ‘यमनाया, इ.स.पू. ३०००’, आणि तिथून एक जाडजूड लाल बाण थेट पंजाबात, बाणाच्या टोकाशी ‘आर्य आगमन’. अख्ख्या रिपोर्टातली सगळ्यात सुंदर गोष्ट आणि सगळ्यात चुकीची. यमनाया लोक साधारण इ.स.पू. ३३०० ते २६०० चे, बैलगाड्या आणि थडग्यांवरचे मातीचे उंच ढिगारे यासाठी प्रसिद्ध, ते खरे. पण ते थेट इकडे आले नाहीत. त्यांचे वंशज आधी पश्चिमेला युरोपात गेले, तिथल्या शेतकऱ्यांत मिसळले, त्यातले काही परत पूर्वेला वळले, उरलच्या दक्षिणेला सिंताश्ता नावाची संस्कृती दिसते इ.स.पू. २१०० च्या सुमारास, आऱ्यांच्या चाकांचे हलके रथ आणि थडग्यात पुरलेले घोडे तिथलेच, त्यांच्यापासून पुढे कझाकस्तानभर पसरलेले लोक, मग मध्य आशिया, आणि तिथून इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान हळूहळू खाली. म्हणजे बाण नाही, आधी पश्चिमेला जाऊन परत फिरलेली वेलांटी आहे. 

पुरावा रिपोर्टाच्या आतच होता. यमनायाच्या थडग्यांतले पुरुष बहुतेक आर१बी गटाचे निघालेत, आणि भारतातला आर१ए हा त्याच्या झेड९३ नावाच्या फांदीचा, जी सिंताश्ताकडे भरपूर सापडते. कंपनीच्या एका पानावर आतेभावाला ‘झेड९३’ छापून आलंय आणि दुसऱ्या पानावर त्याचा पूर्वज यमनाया दाखवलाय. दोन पानं वेगवेगळ्या माणसांनी लिहिली आणि एकमेकांना दाखवली नाहीत, दुसरं काय.

हे सगळं गुपित नाहीये हो. सप्टेंबर २०१९ मध्ये राखीगढीच्या पेपरबरोबरच दुसरा मोठा पेपर आला होता, त्यात दक्षिण आणि मध्य आशियातल्या ५२३ प्राचीन माणसांचा नवा डेटा होता, वागीश नरसिंहन मुख्य लेखक, आणि शिंदे, राइश, थंगराज, नीरज राय ही नावं दोन्हीकडे. तुम्हाला आठवत असेल, त्या आठवड्यात टीव्हीवर ‘आर्य बाहेरून आले नाहीत, सिद्ध झालं’ चालू होतं आणि दुसऱ्या चॅनलवर ‘आर्य बाहेरूनच आले, सिद्ध झालं’, आणि दोघांच्या हातात त्याच लोकांचे पेपर. राखीगढीच्या बाईत स्टेप नाही हे ज्यांनी पहिल्या बाजूचा पुरावा म्हणून नाचवलं त्यांनी तारीख बघितली नाही, ती बाई स्टेपचे लोक यायच्या आधीची आहे, तिच्यात स्टेप नसणं हेच अपेक्षित. आणि जे आक्रमण-आक्रमण करतात त्यांनी स्वात खोऱ्यातली थडगी बघावीत, पाकिस्तानात, इ.स.पू. १२०० ते ८०० च्या सुमाराची: तिथे स्टेपचा अंश आहे पण पुरुषांच्या रेषेत तो फारच थोडा, म्हणजे तिथे तो बायकांकडून जास्त आलेला दिसतो. आजच्या भारतीयांत मात्र उलटं, पुरुषांकडून जास्त. तलवारी उपसून घोडेस्वार आले आणि सगळं एका झटक्यात झालं अशी गोष्ट स्वातच्या थडग्यांत बसत नाही, आणि कुणी आलंच नाही ही गोष्ट तर कुठेच बसत नाही.

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा वाद पेटणारच होता. महाराष्ट्रात तो काही आजचा नाही. जोतीराव फुल्यांनी ब्राह्मण इराणकडून आले आणि बळीच्या शेतकरी प्रजेला त्यांनी लुटलं असं मांडलं, टिळकांनी १९०३ मध्ये वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेलं, आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये वेदच तपासून आर्य नावाचा वंश आणि त्यांची स्वारी हे दोन्ही साफ फेटाळलं. तिघांपैकी कुणाकडेही एक हाडसुद्धा नव्हतं, तिघांनी ग्रंथ वाचून मांडलं, आणि तिघांचे वाचक आमच्या एकाच ग्रुपवर आहेत. काकांनी उत्तर ध्रुव काढला, वहिनीने फुले काढले, आतेभावाने परत घोडे. मी म्यूट केलं.

रिपोर्टाचं शेवटचं पान ‘तुमची भाषा’, आणि तिथे कंपनीने हद्द केलीय. ‘तुमची मातृभाषा मराठी ही तुमच्या १३ टक्के स्टेप पूर्वजांची देणगी आहे.’ असं वाक्य, खाली माझं नाव. अरे, जीन्सना बोलता येतं का? स्पेनमधले बास्क लोक घ्या, इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालात, स्टेपकडून आलेल्या लोकांनी सुमारे चाळीस टक्के वंश बदलला आणि पुरुषांची वाय रेषा तर जवळपास सगळीच बदलून टाकली, आणि तरी बास्क भाषा इंडो-युरोपीय (संस्कृत, मराठी, इंग्रजी ज्या कुटुंबातल्या ते) नाही ती नाहीच. बलुचिस्तानात ब्राहुई बोलणारे जनुकांनी शेजारच्या बलुचांसारखेच आहेत, भाषा द्राविडी. कंपनीच्या हिशोबाने ब्राहुई माणसाच्या शेवटच्या पानावर काय छापून येणार? बहुतेक तेच वाक्य.

लोक कुठून आले ते हाडं सांगतात, काय बोलत होते ते शब्द सांगतात, आणि दोन्ही जुळवायचं काम अजून चालू आहे, त्यात भांडणंही आहेत. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असं म्हटलं तेव्हापासून ‘ते मूळ घर कुठे’ हा प्रश्न आहे. पुरातत्त्वज्ञांपैकी मारिया गिम्बुटासने स्टेप म्हटलं, कॉलिन रेनफ्रूने १९८७ मध्ये अ‍ॅनाटोलियाचे शेतकरी म्हटलं. २०१५ मध्ये युरोपात स्टेपचं प्रचंड स्थलांतर डीएनएत दिसलं आणि गिम्बुटासचं पारडं जड झालं. पण हित्ती लोकांचा घोळ राहिलाच, त्यांची भाषा इंडो-युरोपीय कुटुंबातली सगळ्यात आधी फुटलेली फांदी मानतात, तुर्कस्तानात त्यांच्या मातीच्या पाट्याच्या पाट्या सापडल्यात, पण त्या काळच्या अ‍ॅनाटोलियाच्या हाडांत स्टेपचा पत्ता नाही. 

मग २०२३ मध्ये पॉल हेगार्टी आणि मंडळींनी १६१ भाषांची शब्दसंपत्ती संगणकात घालून मूळ घर कॉकेशसच्या दक्षिणेला, सुमारे ८,१०० वर्षांपूर्वी असं काढलं, आणि आपली इंडो-इराणी शाखा तर स्टेपवरून न येता आधीच वेगळी झाली असं सुचवलं. त्यावर भाषावाले तुटून पडले कारण चाक, आस, जू हे शब्द या कुटुंबात जवळपास सगळीकडे एकाच मुळाचे आहेत आणि आठ हजार वर्षांपूर्वी चाक होतंच कुठे! आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राइश यांच्याच गटाने ४३५ प्राचीन माणसांचा डेटा घेऊन कॉकेशस आणि खालच्या व्होल्गाच्या मधल्या भागातल्या लोकांकडे बोट दाखवलं, इ.स.पू. ४४०० ते ४०००, यमनायांचा सुमारे ऐंशी टक्के वंश त्यांच्याकडून, आणि हित्तींकडे गेलेला धागाही त्यांच्याकडूनच. मला स्वतःला हे शेवटचं पटतं, कारण हित्तींचा घोळ पहिल्यांदाच नीट सुटतोय. आणि आपल्या शाखेपुरतं बोलायचं तर सिरियाकडच्या मितन्नी राजांच्या तहात इ.स.पू. चौदाव्या शतकात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य यांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे तोवर ही मंडळी तिथपर्यंत पोचलेली होती, आणि स्टेपच्या तारखांशी ते बऱ्यापैकी जुळतं. पण हे सगळं ‘बहुधा’ आहे, पुरावे एकमेकांना टेकू देतायत असं आहे. माझ्या लाळेतून माझ्या भाषेचं सर्टिफिकेट निघत नाही.

असो. चांगलं काय ते पण सांगते, नाहीतर म्हणाल नुसती कुरकुर. बेसिकमध्ये एक भाग आहे तो मला फार आवडला: दोन्हीकडून सारखेच आलेले डीएनएचे लांब लांब पट्टे दाखवतात, म्हणजे आई-वडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का ते. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत, आई-बाबांचं नातं घरात सगळ्यांना ‘लांबचं आहे’ एवढंच माहीत होतं, रिपोर्टाने ते बरोबर पकडलं आणि किती लांबचं त्याचा अंदाजही दिला, आईने बोटं मोजून पडताळून पाहिला, बसला. शेजारी एक छोटी टीप आहे आणि अख्ख्या रिपोर्टात तेवढी टीप कुणीतरी अभ्यास असलेल्या माणसाने लिहिलीय: भारतातल्या गटांची सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी जोरात चालू होती, त्यात उच्च जातींपासून भिल्लांपर्यंत सगळे होते, आणि त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नं घट्ट झाली. हे २०१३ चं संशोधन आहे, प्रिया मुरजानी आणि सहकाऱ्यांचं. ‘प्युअर’वाल्या डीपीला याहून चांगलं उत्तर नाही, मी त्या पानाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, आतेभावाने अंगठा दिला, डीपी तसाच आहे.

कच्ची डेटा फाईल डाउनलोड करता येते, सहा-सात लाख जागांचा डेटा असतो, माझ्या मते खरा माल तोच. उद्या लेबलं बदलतील, पेपर बदलतील, फाईल तीच राहणार आणि ती नव्याने वाचता येईल. पण ती सेटिंगमध्ये तीन मेनू खाली पुरून ठेवलीय.

प्रायव्हसीबद्दल: ‘संशोधनासाठी माझा डेटा वापरा’ या चौकोनात आधीच टिक केलेली असते, ती काढा, म्हणजे काढाच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, मग लोकांच्या डीएनएचं काय म्हणून तिकडे धावपळ उडाली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही, आणि तुमचा गेला तर अर्धा तुमच्या भावंडांचाही गेला, त्यांना न विचारता. नमुना नष्ट करा अशी विनंती ॲपमधून करता येते, मी केलीय, पोचपावती आलीय.

नकाशातल्या बाणाबद्दल आणि ‘इराणी शेतकरी’बद्दल मी कस्टमर केअरला सविस्तर मेल केला होता, कुठलं पान, काय चूक, काय हवं, सगळं लिहून. उत्तर आलं की आमची वैज्ञानिक टीम लक्ष घालेल, आणि सोबत आईच्या किटवर दहा टक्के सूट. घेणारच असाल तर दिवाळीच्या सेलमध्ये घ्या, नुसतं बेसिक घ्या, आणि पितृवंश बघायचा असेल तर घरातल्या एखाद्या पुरुषाला थुंकायला बसवा.